विरूपाक्षाची जागा

उदगीरच्या कापडबाजारात महादेवीअक्काशी हुज्जत घालायला कुणी जात नाही. तिनं एकदा 'न्हाई' म्हटलं, की कैलासातून महादेव उतरला तरी त्याचं 'हाव' होत नाही. नवरा गेल्यावर 'दुकान दिराला देऊन टाक' म्हणणारे चार शहाणे भेटले होते. चाळीस वर्षं झाली, गादीवर अक्काच बसते.

अशा बाईचं एक काम मात्र त्रेपन्न वर्षं अडलं होतं: धाकट्या भावाची समाधी. विरूपाक्ष हवाई दलात, बॉम्बफेकी विमानात वाट दाखवायच्या कामावर होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात सीमेपलीकडं गेलेलं त्याचं विमान परतलं नाही. सरकारचं पत्र आलं, शाळेत फोटो लागला, पंधरा ऑगस्टला हार पडू लागले. अक्काचं त्यानं भागेना. लिंगायताचं माणूस गेलं की त्याला मातीत बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग ठेवून. शिरूर अनंतपाळजवळच्या शेतात आईबाप तसेच शेजारीशेजारी बसलेले, आणि त्यांच्या बाजूची जागा रिकामी. पोरगा येईल म्हणून आईनं जिवंत असेतोवर समाधीचं नाव काढू दिलं नाही. आता अक्काच अठ्ठ्याहत्तरची झाली. आपल्या माघारी तिथं सोयाबीन पेरलं जाणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

श्रावणातल्या सोमवारी ती नात सृष्टीला घेऊन शेतावर गेली, लिंगायतांचे विधी करणाऱ्या मठपतींना बोलावलं आणि खड्डा खणायला लावला. शेत आता चुलतभाऊ मल्लिनाथाकडं. तो काठी टेकत आला.

"अक्का, देह न्हाई, लिंग न्हाई. रिकाम्या खड्ड्याला समाधी म्हनायचं का?"

"लिंग हाय," अक्का म्हणाली. तिनं गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढली. "हे माझं न्हाई. त्याचं हाय."

मग तिनं सांगितलं. त्या दिवाळीला ती माहेरी होती, विरूपाक्षही रजेवर आला होता. त्याची रजा रद्द झाल्याची तार आली. सकाळी दोघं शेजारी बसून पूजा करत होते, तेवढ्यात फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला. एकसारख्या दोन डब्या, घाईत अदलाबदल झाली. दुसऱ्या दिवशी लिंग तळहातावर घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिनं पत्र धाडलं. त्याचं उत्तर आलं: पुढच्या सुट्टीत बदलून घेऊ, तोवर तू माझं सांभाळ, मी तुझं सांभाळतो.

"अन् काकूला बोलली न्हाईस?" मल्लिनाथानं विचारलं.

"लिंग बदललं म्हनून पोरगं गेलं, असं ती मरेस्तोवर म्हनली असती. मी बी मनात तेच म्हनत आले. पूजा मातर एक दिस चुकवली न्हाई."

मल्लिनाथानं डबीकडं बोट केलं. "मग तुझ्या गळ्यात काय?"

"मठपती नवं बांधतील. तान्ह्या लेकरागत दीक्षा घेईन. तोवर पान्याचा थेंब न्हाई."

मल्लिनाथानं मान डोलावली. मठपती मात्र अडखळले. लिंग तळहातावर द्यायचं असतं, नुसत्या मातीत नाही. इथं तळहात कुणाचा?

अक्कानं पदर खोचला आणि सृष्टीच्या खांद्याला धरून ती खड्ड्यात उतरली. गुडघे कुरकुरले, त्यांना तिनं मोजलंच नाही. भाऊ बसला असता तशी मांडी घालून बसली आणि डावा हात पुढं केला. मठपतींनी त्यावर लिंग ठेवलं. मंत्र सुरू झाला, सृष्टी वरून भस्म आणि बेलाची पानं सोडत राहिली. अर्धा तास तो म्हातारा हात अधांतरी होता. एकदाही खाली आला नाही.

मंत्र संपल्यावर तिनं लिंग बेलाच्या पानांवर उतरवलं. हात मोकळा झाला तेव्हा तिला रडू कोसळलं, आणि ते तिनं अडवलं नाही. मग डोळे पुसून तिनं वर पाहिलं.

"मल्लिनाथा, हात दे. इरपाक्ष घरी आला. मला वर घ्या अन् माती लोटा."

मल्लिनाथानं काठी टाकली आणि दोन्ही हात खाली केले.