काकांचं बर्फाचं मशीन

इंग्लंडमध्ये रीडिंगला आमच्या शेजारच्या काकांकडे बर्फ उडवायचं पेट्रोलवरचं जुनं मशीन होतं. दर ऑक्टोबरात त्यांची हाक यायची. शिळं पेट्रोल काढायचं, स्पार्क प्लग घासायचा, आणि त्यांचा खांदा दुखतो म्हणून मशीन सुरू करायची दोरी मी ओढायची.

‘‘बर्फ फेकायचं तोंड एका बोटाने वळलं पाहिजे. तेल घाल. इथे आपणच आपल्या माणसांना बघायचं रे!’’ हे दरवर्षी.

२००९च्या फेब्रुवारीत वीतभर बर्फ पडला. मी दोरी ओढली, मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. काका ते ढकलू लागले आणि त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ थेट माझ्या गाडीवर पडू लागला.

‘‘अहो काका, माझी गाडी!’’

‘‘मग काय, माझ्या गुलाबांवर टाकू?’’ म्हणत त्यांनी एका बोटाने ते तोंड माझ्या दाराकडे वळवलं.

ते जराही कुरकुरलं नाही. तेल मीच घातलं होतं.