अंजनाबाईची सही

अंजनाबाईला कुणी अंगठाछाप म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. पूर्वी फिरत नसे, कारण पूर्वी ती खरंच अंगठा द्यायची. इतवारीतल्या वखारीत दिवसभर डाळ पाखडणारी ही विधवा बाई संध्याकाळी विहारातल्या वर्गात पाटी घेऊन बसू लागली, ती लेकीच्या टोमण्यामुळे. "शिका म्हणून बाबासाहेब सांगून गेले, ते का एकट्या मलेच सांगून गेले वं माय?" असं जयानं विचारलं होतं.

जोडाक्षरांनी तिला रडवलं, पण जमलं. मग वखारीच्या मुनिमानं शाईचा पॅड पुढे केला की ती तो मागे सरकवून पेन मागायची. सही संपेपर्यंत मुनीम जांभया द्यायचा. देऊ दे की. जन्मात तेवढी एकच मिजास तिनं केली होती. अंगठा पुन्हा द्यायचा नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी कुणीतरी तिच्या नावाचं खोटं रेशनकार्ड करून तिची साखर अन् गहू परस्पर उचलले. कंट्रोलच्या दुकानात दुकानदार ताराचंदनं हात वर केले. शहरात तेव्हा विधानसभेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. खोट्या कार्डांविरुद्ध कडक कायदा येणार, प्रत्येकाची निशाणी, सही असो की अंगठा, ऑफिसातल्या रजिस्टरशी ताडून बघणार, अशी बोलणी चालली होती. "लवकर आणा म्हना तो कायदा," अंजनाबाई भर रांगेत म्हणाली होती.

कायदा यायचा होता, पण तपासणी त्याच्या आधीच सुरू झाली. सरकारी काम नको तिथं बरोबर घाई करतं. जयाला घेऊन ती पुरवठा ऑफिसात गेली आणि तिथल्या विश्वनाथबाबूंसमोर सावकाश सही केली. बाबू माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर ती भांडली तरी असती.

"बाई, रजिस्टरमध्ये तर अंगठा आहे."

"तवा लिवता येत नव्हतं साहेब. आता येते."

"येत असेल. पण कार्डावरची बाई अंगठा देते आणि तुम्ही सही करता. मग हे कार्ड तुमचंच कशावरून?"

"मले अख्खी वस्ती ओळखते."

"रजिस्टर ओळखत नाही ना." त्यांनी शांतपणे समजावलं. निशाणी बदलायची तर हे कार्ड रद्द होणार, नवा अर्ज, मग चौकशी. तोवर धान्य बंद. आणि आज जी निशाणी लागेल ती कायदा आल्यावर बदलता यायची नाही.

"अन् अंगठा देला तर?"

"आत्ता शिक्का मारतो."

मागून रांग रेटत होती आणि समोर शाईचा पॅड उघडा पडला होता. बाजारातलं धान्य परवडण्यातलं नव्हतं. चोराला पकडायला तिनंच बोलावलेला कायदा तिचाच हात धरून बसला होता, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. तिनं जयाकडे पाहिलं. पोरगी नको म्हणेल, एवढं एकदा म्हणेल, असं तिला फार वाटलं.

"दे न वं माय," जया खाली बघत म्हणाली. "पीठ सरलं."

तिनं अंगठा दिला. बाबूंनी जुना आणि नवा ठसा ताडून पाहिला अन् त्यांचा चेहरा उजळला. "झालं बाई. आता तुमच्या नावावर दुसरं कुणी काही नेऊ शकत नाही." ठशाशेजारी त्यांनी दोन-तीन शब्द लिहिले आणि रजिस्टर फिरवून जयापुढे धरलं. "पोरी, तुला वाचता येतं ना? आईचं सगळं बरोबर आहे का बघ."

अंजनाबाईच पुढे वाकली. ठशाशेजारच्या शब्दावर तिचं काळं बोट सरकत गेलं.

"नि... र... क्ष... र."

जोडाक्षरापाशीही ती अडखळली नाही. बाबू तिच्याकडे बघतच राहिले. शाई ओली होती, तो शब्द खोडता आला असता. त्यांनी पेन उचललंही. पण अंगठा निरक्षराचाच चालायचा; शब्द खोडला की तो खोटा ठरत होता, आणि अंगठ्याबरोबर कार्ड.

"राहू द्या साहेब," अंजनाबाई म्हणाली. "मारा शिक्का."