मावशी खाली बसतात

कापडाच्या त्या दुकानात मावशींचं अर्धं आयुष्य उभ्यानं गेलं. अक्षरशः उभ्यानं. सकाळी शटर वर गेलं की मावशी काउंटरमागे उभ्या राहत, आणि संध्याकाळी ते खाली आलं की मगच त्यांचे गुडघे वाकत. "नोकरांनी दुकानात बसायचं नाही, तसा कायदाच आहे," असं थोरले मालक सांगून गेले होते. थोरले मालक देवाघरी गेले, कायदा मात्र दुकानातच राहिला.

पण माणूस म्हटला की पळवाट आलीच. इथली पळवाट टाचणीची होती. पाय फारच बोलायला लागले की विक्रीवाली बाई हातातली टाचणी पाडायची, "अगं बाई, टाचणी!" म्हणत काउंटरखाली उकिडवी बसायची आणि मनोभावे शोधायची. कुणी कुणाची टाचणी शोधून द्यायची नाही, हा तिथला शिष्टाचार. धाकट्या मालकांना वाटायचं, आपल्या दुकानातल्या बायकांची नजर अधू आहे. एकदा बिचाऱ्यांनी कळवळून लोहचुंबक आणून दिलं. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली होती.

यंदा मावशींच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. डॉक्टर म्हणाले, "कामावर बसत चला, नाहीतर काम सोडा." बसणं तर कायद्यात बसत नव्हतं. तेव्हा सोडायचं ठरलं, आणि मावशींच्या घशाखाली घास उतरेना. दुकानाशिवाय दिवस कसा काढायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. सासूबाई दिवसभर घरी, या कल्पनेनं सुनेचीही भूक मेली होती. तीच म्हणाली, "आई, राजीनामा तरी रीतसर देऊ. चला, कामगार कार्यालयात विचारून येऊ."

तिथल्या अधिकारी बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "नोकरी का सोडताय?"

"उभं राहवत नाही हो. आणि दुकानात बसायला कायद्यानं बंदी."

"कुणी सांगितलं? कायदा उलटा आहे, मावशी! दुकानदारानं बसायची सोय करून द्यायलाच हवी. गिऱ्हाईक नसेल तेव्हा खुशाल बसायचं."

"आणि मागितलं म्हणून काढून टाकलं तर?"

"तेवढ्यासाठी काढता येत नाही. काढलंच तर सरळ माझ्याकडे या. मालकांना बोलावून घेते. मग बघू कोण उभं राहतं ते."

"बघा! मी म्हणत नव्हते?" सून म्हणाली. ती असलं काहीच म्हणाली नव्हती. पण हे वाक्य म्हणायला सुनांना कायदा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी मालकांसमोर गेल्या. मागे बाकीच्या चारही बायकांच्या टाचण्या एकदम पडल्या. काउंटरखालून नीट ऐकू येत असे.

"मालक, बसायला स्टूल पाहिजे. आमचा हक्क आहे तो. कामगार कार्यालयात विचारून आलेय."

मालक म्हणाले, "पण बाबा तर म्हणायचे, कायदा..."

"उलटा आहे."

"उलटा?" मालकांनी कमरेवर हात ठेवला. "म्हणजे मी इतकी वर्षं उगाच? तुम्ही उभ्या असताना मालकानं बसलेलं बरं दिसेना, म्हणून मीही उभाच आहे हो! माझ्या टाचा गेल्या, मावशी!"

काउंटरखाली कुणीतरी फिस्सकन हसलं.

दुपारी टेम्पोतून स्टुलं आली. मावशी आधी नुसत्या टेकल्या, परक्याच्या घरी टेकावं तशा. मग हळूच मागे सरकून ऐसपैस बसल्या. पोटऱ्यांतली कळ उतरत गेली आणि "हुश्श" असा सुस्कारा निघाला, की शेजारचीनं विचारलं, "पंखा लागला का गं?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मावशी उठल्या, चार तागे उलगडले, अस्तराचं कापड मापून दिलं. गिऱ्हाईक गेलं. मावशी पुन्हा बसल्या. या वेळी मालकांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.