पाठीवरची तलवार

खोबरेल तेल आणि घासलेल्या लोखंडाचा वास एकत्र आला, की माझं उजवं मनगट अजून दचकतं. बारावीच्या क्लाससाठी मी मुखेडहून नांदेडला आलो होतो आणि गेम पार्लरमध्ये जास्त शिकत होतो. दसऱ्याच्या पूजेसाठी घरची जुनी तलवार एका शिकलगार चाचांकडे धार लावायला दिली होती, ती न्यायला वडील यायचे होते. मी आधीच दुकानात पोचलो आणि गेममधल्या योद्ध्यासारखं म्यान दप्तराच्या पट्ट्यानं पाठीवर बांधलं. चाचा म्हणाले, "पाठीवर कोन बांधतं, बेटा? कमरेला लावतेत." मी कशाला ऐकतो? हात डोक्यावर पुरता ताणला तरी पातं निम्मंच बाहेर आलं. मग जोर लावून हिसका दिला, तर पातं तिथंच राहिलं आणि मनगट पिरगळलं. वडील आले तोवर ते टम्म सुजलं होतं आणि रविवारी क्लासची मोठी परीक्षा होती. "लिहून लिहून सुजला का रे?" वडिलांनी विचारलं. मी "हाव" म्हणालो आणि चाचांकडे बघितलं. ते पात्याला तेल लावत म्हणाले, "लई मेहनती हाय पोरगं, पाटील. हितंबी प्रॅक्टिसच करून राहिलं होतं." रविवारी मी डाव्या हातानं उत्तरांचे गोल काळे केले, मार्क नेहमीइतकेच पडले. परवा माझा मुलगा गेम खेळत होता आणि वडील त्याला सांगत होते, "तुझा बाप लिहून लिहून हात सुजवायचा." पडद्यावरच्या योद्ध्यानं पाठीवरून तलवार अलगद उपसली. मी मनगट चोळलं.