कॅसेटमधलं तिचं नाव

व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेट साफ करायचा मला नाद आहे. जळगावात घरीच, खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. कान साफ करायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून पितळी पट्ट्या पुसल्या की बहुतेक कॅसेट लागतात. त्यामुळे या कामाची भीती अशी कधी वाटली नव्हती.

मग एका दुपारी भडगावहून एक नाना आले. रुमालात बांधलेली कॅसेट त्यांनी हातात न देता टेबलावर ठेवली. आजारपणात त्यांची बायको दोन वर्षं हाच गेम खेळायची. गेममध्ये तिनं शेत केलं होतं, विहीर खणली होती, वर स्वतःचं नाव टाकलं होतं. ती गेल्यावर कॅसेट तशीच पडून होती.

मी ती उघडली. आतला बटनासारखा सेल, ज्याच्या विजेवर खेळाची साठवण टिकते, तो फुगून हिरवा पडला होता. तो राहू दिला तर गळून आतली पट्टी खाऊन टाकणार, आणि काढला तर तिचं नाव, शेत, सगळं पुसलं जाणार.

"बाहेरून दुसरे सेल जोडून वीज चालू ठेवली तर हा बदलता येईल," मी म्हणालो, "पण खात्री देत नाही, नाना."

"कर भाऊ. मी आठेच बसस."

ते तिथेच समोर बसले. बाहेरच्या सेलच्या वायरी मी कथलाचा डाग देऊन जोडल्या, जुना सेल उचकटला. नवा बसवत होतो तेवढ्यात गंजलेल्या जागेवरची एक वायर सुटली. चिमट्यानं ती तशीच दाबून धरली. सुटली होती क्षणभरच, पण तेवढ्यातही सगळं पुसलं जाऊ शकतं. नानांना काही कळलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

कसाबसा डाग दिला, पट्ट्या पुसल्या, कॅसेट लावली. टीव्हीवर काळोख. पुन्हा पुसली. खाचेत लावण्याआधी थांबलो.

"नाना, मघाशी एक वायर सुटली होती," शेवटी मी बोललो. "गेलं असेल तर चूक माझी."

नानांनी टेबलाची कड घट्ट धरली.

मी कॅसेट पुन्हा लावली. चित्र आलं. साठवलेल्या खेळांच्या नावांच्या यादीकडे बघायचं धाडस मला होईना, मी मान खालीच ठेवली.

"शे का?" नाव आहे का, ते मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

अगदी हळू आवाज आला, "शे. बठ्ठं शे. आते बंद कर भाऊ, हात नको लावू." सगळं होतं.

त्यानंतर सेलवाली कॅसेट मी कुणाचीच घेतलेली नाही.