सुटली

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी विहिरीत पडून गेली. सात वर्षांची होती. बहिणीचं सासर सुप्याहून आत, पायवाटेनं जावं लागणाऱ्या गावात. मी तेव्हा नगरला एका कचेरीत हिशेबाच्या कामाला होतो. जे स्वतः पाहिलं-ऐकलं ते तसं लिहितो. जे लोकांकडून कळलं ते लोकांचं म्हणून लिहितो.

गावच्या विहिरीचं पाणी त्या वर्षी तळाच्या एका झऱ्यापुरतं उरलं होतं. पायऱ्या अर्ध्यावर संपत. तिथून खालच्या कपारीवर मोठ्या माणसाला उतरता येत नसे, म्हणून हलकं पोर उतरवायचे आणि ते वाटीवाटीनं पाणी कळशीत भरायचं. साचलेलं पाणी दुसऱ्यांच्या आधी मिळावं म्हणून मायलेकी उजाडायच्या आत जात. त्या दिवशी विहिरीवर आणखी कुणी नव्हतं. पोरीचा पाय घसरला, असं गावानं म्हटलं आणि बहिणीनं ते नाकारलं नाही.

दहाव्याला गावच्या महाराजांचं प्रवचन झालं. कीर्तन-प्रवचन करणारे, पंचक्रोशीत मान असलेले, मनानं चांगले गृहस्थ. ते म्हणाले, अन्न नाही, पाणी नाही, अशा काळात देवानं लेकराला मोकळं केलं, पोर सुटली. आमच्याकडे हा शब्द सांत्वनाचाच. अंथरुणाला खिळलेला माणूस गेला की सुटला म्हणतात. दुष्काळात तर तो सगळ्यांच्याच तोंडी बसला होता. पुढे भेटायला येणारी प्रत्येक बाई बहिणीजवळ टेकायची आणि डोळ्यांना पदर लावून म्हणायची, सुटली बिचारी.

त्यानंतर बहिणीनं तान्ह्या मुलाला हातात घेणं सोडलं. तो चार महिन्यांचा होता. सासूनं त्याला तिच्या मांडीवर ठेवलं की ही हात मागे घ्यायची, आणि तो घरंगळेल म्हणून सासूलाच पुन्हा उचलावा लागायचा. शेजारच्या शेळीचं दूध पाणी घालून पाजत होते, पण चारा नसल्यानं शेळीही आटत चालली होती. पोर वाळत गेलं. भगत झाला, डॉक्टर झाला. तिच्या अंगात रोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. सासू मला म्हणाली, "पाव्हणं, एक गेली. हिचं आसंच चाललं तर ह्योबी जाईल."

त्याच उन्हाळ्यात नगरच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या रिकाम्या वर्गात तीन दिवसांचं शिबिर घेतलं. बोलावलं होतं कीर्तनकारांना, मौलवींना, चर्चच्या पाळकांना, देवळांच्या गुरवांना. बाईंचं म्हणणं, मनाला धक्का बसलेली माणसं माझ्याकडे फार उशिरा येतात, त्याआधी ती तुमच्याकडे येतात. किती जण जमले होते ते मी मोजलं नाही, म्हणून सांगत नाही. महाराज आले ते माझ्या आग्रहाखातर, आणि उतरलेही माझ्याच घरी.

पहिल्या संध्याकाळी जेवायला बसले तेच चिडलेले. "आयुष्यभर बोलण्याचं खाल्लं. आता ही बाई म्हणते, गप्प बसायला शिका." एका मौलवींनी त्यांची थट्टा केली होती, तीही त्यांनीच सांगितली. महाराज, तुम्ही गप्प बसलात तर लोक तुमचंच सांत्वन करायला येतील. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. बाईंनी एकेकाला विचारलं, मयताच्या घरी गेल्यावर तुमच्या तोंडून पहिलं काय निघतं? मौलवी म्हणाले, अल्लाची अमानत होती, अल्लानं परत घेतली. एक पाळक म्हणाले, प्रभूनं बोलावून घेतलं. महाराज म्हणाले, सुटली. बाईंनी कुणालाच चूक म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, ही सगळी उत्तरं झाली. त्या घरानं तुम्हांला अजून काही विचारलंय का? आधी तुम्ही विचारा, काय झालं म्हणून. आणि समोरचं माणूस बोलेपर्यंत थांबा. मग त्यांनी जोड्या लावून सगळ्यांना नुसतं समोरासमोर बसवलं. महाराजांना ते जमेना. सारखे ओठ हलायचे. समोर बसलेले मौलवी म्हणाले, "बाई, यांचं आतल्या आत कीर्तन चाललंय. पकडा."

शिबिर संपल्यावर एस.टी.नं आम्ही दोघं सुप्याला उतरलो आणि चालत गावी गेलो. बहीण ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. महाराज तिच्यासमोर खाली बसले. पोरी, त्या दिवशी काय झालं, एवढं विचारलं आणि थांबले. सासू मध्येच काही सांगायला लागली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं.

शेवटी बहीण म्हणाली, "तुमाला कुनी सांगितलं हुतं?"

"काय, पोरी?"

"दहाव्याला सगळ्यांम्होरं तुमीच बोललात की. सुटली म्हनून." मग ती म्हणाली, "माझ्याच हातातनं सुटली ती. मनगट धरून खाली सोडत हुते. वला हुता हात. मी कुनालाच सांगितलं न्हवतं. तरी समदं गाव दारात येऊन त्येच म्हनत हुतं."

महाराजांनी उपरणं तोंडाला लावलं आणि रडले. बोलले काहीच नाहीत. शिबिरातलं त्यांना त्या वेळी आठवत होतं, असं मला वाटत नाही.

सासूलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. ती उठून आत गेली आणि पोराला घेऊन आली. बहिणीनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "आत्याबाई, हातात नगं. बांधा त्याला." सासूनं जुनं लुगडं फाडून पोराला तिच्या छातीशी आवळून बांधलं. त्यानं तोंड लावलं. दूध केव्हाच आटलं होतं. थोडा वेळ ओढून ते तसंच झोपी गेलं.

ते जगलं. वर्षभर ती त्याला अंगाला बांधूनच शेतात आणि दुष्काळी कामावर जायची. महाराजांच्या प्रवचनात मी पुन्हा तो शब्द ऐकला नाही. ते मयताच्या घरी जाऊन नुसते बसतात, ऐकतात. त्यामुळे दुसऱ्या गावांनी दहाव्याला दुसरे महाराज बोलवायला सुरुवात केली. आमचे थकले, असं लोक म्हणतात. तसं शिबिर पुन्हा झालेलं माझ्या माहितीत नाही.

भाचा आता सुप्याला शाळेत जातो. पुणे रस्ता ओलांडावा लागतो. बहीण त्याच्या सदऱ्याला पदराची गाठ मारून त्याला पलीकडे न्यायची, पण पोरं हसतात म्हणून तो आता गाठ मारू देत नाही. परवा मी तिथे होतो. ट्रक धडाडत जात होते. ती म्हणाली, "दादा, तूच ने." मी त्याचा हात धरला. तिनं रस्त्याकडे पाठ केली. पलीकडे पोचल्यावर मी हाक मारली, तरी ती वळली नाही. मग भाच्यानं मारली.