सड्यावरच्या पवनचक्क्या

आमच्या गावचे निर्णय गावात होत नसत, भांडुपला आमच्या खोलीत होत. गाव देवगडच्या बाजूचं, पण निम्मे पुरुष मुंबईत आणि मुंबई मंडळाचे अध्यक्ष माझे सासरे. त्या रविवारी मंडळी चटईवर दाटीवाटीने बसली होती आणि मी ओट्याशी चहा उकळत उभी होते. विषय होता पवनचक्क्यांचा. सरकारला वाऱ्यावर वीज करायची होती आणि त्यासाठी गावचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं माळरान, हवं होतं.

मला ती वीज नको होती. गिरण्यांच्या संपापासून नवरा घरी बसून होता. जमीन दिली तर तिथल्या राखणीचं काम त्यालाच मिळवून द्यायचं, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. नवरा गावी गेला की बायको आपसूक मागोमाग, हे इतकं उघड होतं की त्यावर चर्चासुद्धा नव्हती. मी मुलुंडच्या औषध कंपनीत पॅकिंगला होते, नुकतीच परमनंट झाले होते. मुलगी दुसरीत होती. हे सगळं सोडून मी कातळावर जाऊन काय करणार होते?

"पंखे लागले काय कलमांचो मोहोर झडतलो," एक म्हातारे म्हणाले. "ढगय पळतले."

"काका, हे पंखे वारा करत नाहीत. वारा त्यांना फिरवतो," नवरा म्हणाला.

"मगे घरातलो पंखो वारो करता तो कसो?"

सगळे हसले. नवराही मोकळेपणाने हसला आणि हातवारे करून त्यांना पाती, खांब समजावत बसला. संप फिसकटल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. बरं वाटायला हवं होतं, पण मला रागच आला.

कोणाचं एकमत होईना, तेव्हा सगळं गावच्या देवीवर सोपवलं. गावात गुरव कौल लावणार. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

तो आठवडा सरता सरेना. कंपनीत पट्ट्यावरून बाटल्या सरकत आणि माझा एकच जप चाले: डावा दे, आई, डावा दे. गावात घरोघरी दिवे येतील म्हणून सगळे आशेवर होते आणि मी काळोख मागत होते. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. घरी आम्ही दोघं कामापुरतं बोलत होतो. नवऱ्याशी कसं भांडायचं, ते मात्र मी शब्दन् शब्द ठरवून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी गावाहून एक भावकीतला माणूस एस.टी.ने आला. खांद्यावरची पिशवी न उतरवताच म्हणाला, "देवीन उजवो दिल्यान."

सासऱ्यांनी हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, उद्या शाळेत जा. चेडवाचो दाखलो काढून घे."

मी गॅस बंद केला. तोंड उघडणार, इतक्यात नवरा म्हणाला, "पोरीचा दाखला कशाला, बाबा? त्या दोघी इथेच राहतील. मी एकटा जातो."

"असा कधी झालाहा आपल्यात?"

"नसेल झालं. तिची नोकरी परमनंट आहे. ती येणार नाही."

मला जे हवं होतं ते न भांडता मिळालं होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. राहशील का, येशील का, एवढंही त्याने मला विचारलं नव्हतं.

"मग कधी निघायचं ठरवताय?" मी विचारलं.

"उद्या सकाळची गाडी आहे," तो म्हणाला आणि त्याने सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "तिकीट काढलंय."

देवीचा कौल आमच्या घरात आत्ता कुठे पोचला होता. तिकीट कधी काढलं, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.